आपल्यापुरती सूट

आज 22 एप्रिल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात मोह वेचून होत आला आहे. धाबा, तोहोगाव, भंगाराम तळोधी, विठ्ठलवाडा, कुठेही जा, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली दिसतात आणि त्यांचा गोडसर, जरासा आंबूस वास गल्लीभर असतो. आणखी दोन-तीन आठवड्यांनी तेंदूपत्ता सुरू होईल. या दोन हंगामांमधल्या दिवसांत रात्री जंगलाकडे पाहिलं, तर कुठे ना कुठे एक लाल रेघ सरकताना दिसते. वणवा लागलेला असतो.

तो आपोआप लागत नाही. आपल्याकडच्या जंगलातल्या बहुतेक आगींमागे माणसाचा हात असतो, हे जंगलाशेजारी राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मोहाचं फूल पहाटे गळतं. झाडाखाली सागाचा, मोहाचा वाळका पाला पसरलेला असतो, त्यात फूल लपतं. म्हणून बुंध्याभोवतीचा पाला आदल्या दिवशी पेटवून द्यायचा, की सकाळी काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं चटकन दिसतात. तेंदूचंही असंच. आग फिरून गेली की झुडपाला नवी, कोवळी, मोठी पानं फुटतात, असा समज आहे. त्यासाठी बूटकटाईचा, म्हणजे झुडूप बुंध्याशी छाटण्याचा, सरळ उपाय असतानाही कुणी तरी काडी ओढतोच.

ज्याने काडी ओढली तो दुष्ट नसतो. त्याच्या घरी खाणारी तोंडं असतात, दिवस वर यायच्या आत दोन टोपल्या भरायच्या असतात. तो मनाशी म्हणतो, माझ्या एका झाडाखालचा पाला, त्याने असं काय होणार आहे? एवढ्याशा विचारात अन्याय कुठे शिरतो, तेच आज पाहायचं आहे. झाड पाहायला गेलं तर त्याचंच असतं, पाला वाळकाच असतो, वेळही त्याचीच वाचते. वारा सुटला आणि आग पसरली तर ती चूक वाऱ्याची, अशीही समजूत घालता येते.

पण त्याच माणसाला विचारून पाहा, शेजारच्या गावच्या कुणी असाच पाला पेटवला आणि ती आग तुझ्या मोहापर्यंत आली तर? तो चिडेल. गावच्या साऱ्यांनी आपापल्या झाडाखाली पेटवलं तर? तेही त्याला नको असतं, कारण बांबूचे कोवळे कोंब, चारोळीची रोपटी, जमिनीवर घातलेली पाखरांची अंडी, सगळं जळेल हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणजे आग लावू नये हा नियम त्याला मान्यच असतो. तो साऱ्यांनी पाळावा असं त्याला मनापासून वाटतं. आजच्या सकाळपुरती, आपल्यापुरती थोडी सूट तेवढी त्याला हवी असते.

हे नेमकं ओळखणारा तत्त्वज्ञ आजच्याच तारखेला जन्मला. इमॅन्युएल कांट, 22 एप्रिल 1724, कोनिग्सबर्ग. ते शहर आता रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद. कांटचे वडील घोड्यांचे पट्टे आणि लगाम बनवणारे कारागीर होते. घर गरिबीचं, धर्मभीरू. 1785 साली आलेल्या एका छोट्या ग्रंथात त्याने नीतीची कसोटी मांडली. तिचा आशय असा, की आपण ज्या नियमाने वागतो आहोत तो साऱ्या माणसांचा नियम व्हावा, असं आपल्याला मनापासून म्हणता येतं का ते पाहावं. म्हणता येत नसेल तर ते कृत्य करू नये. आणि त्याने पुढे हेही लिहून ठेवलं आहे, की चुकीचं वागताना माणूस नियम मोडावा असं म्हणत नसतो, नियम तसाच राहावा आणि स्वतःला त्यातून सोडवून घ्यावं एवढंच त्याला हवं असतं. कांटने आयुष्यात आपल्या प्रांताबाहेर फारसं पाऊल टाकलं नाही. पण मोहाखाली पाला पेटवणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, ते त्याला नेमकं कळलं होतं.

आता तेंदूकडे वळू. कर्तव्याचा खरा कस मला तिथे दिसतो.

मे महिन्यात घरची सगळी माणसं पहाटे अंधारात जंगलात शिरतात. ऊन चढायच्या आत पानांची गाठोडी घेऊन परततात. मग दुपारभर ओसरीत बसून म्हातारी, सून, शाळेची सुट्टी असलेली पोरं, सगळी मिळून पानं जुळवतात, मोजतात, पुडे बांधतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. एका गोणीत सत्तर हजार पानं, आणि यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी बोटांतून गेलेलं असतं. संध्याकाळी हे पुडे गावच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन वाळूवर ओळीने मांडायचे. मुंशी एखाददुसरा पुडा उचलतो, चाळतो, मोजतो. बाकीचे तसेच हिशेबात धरले जातात. पुड्यात सत्तर आहेत की पासष्ट, हे बांधणारी बाई जाणते. मधोमध फाटकी, किडकी पानं घालून वरखाली चांगली लावली आहेत का, हेही तिलाच ठाऊक. पाच पानांची कसर हजार पुड्यांत धरली तर पाच हजार पानं होतात, म्हणजे सत्तरावर पुडे. पोटाची खळगी ज्याची मोठी आहे त्याला हा मोह लहान नाही.

आणि तरीही या तालुक्यात असंख्य हात मोजून सत्तर पानं घालतात. का घालतात? काहींना भीती असते, पुडा सुटला आणि कमी निघाला तर सगळा माल परत. काहींना पुढच्या वर्षीचा व्यवहार सांभाळायचा असतो. कांटने त्याच ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. अजाण पोर सौदा घ्यायला आलं तरी तो भाव वाढवत नाही. तो प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून तसा असेल, तर त्या प्रामाणिकपणाला नीतीचं मोल आहे का, असा कांटचा प्रश्न. त्याचं उत्तर, नाही. मोल तेव्हा, जेव्हा पोराला फसवणं चूक आहे एवढ्याच कारणाने तो भाव तसाच ठेवतो.

मला इथे कांटच्या संपूर्ण मागे जाता येत नाही. तो म्हणतो, आवडीने, जिव्हाळ्याने केलेल्या चांगल्या कामाला तसं मोल नाही. मोल केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कामाला. पण पुडा बांधणाऱ्या म्हातारीला विचाराल तर ती भय, सवय, लाज, देवाची भीती आणि सचोटी यांची अशी वेगवेगळी गाठोडी करून दाखवणार नाही. ती म्हणेल, कमी घालणं बरं दिसते का? तिच्या या एका प्रश्नात लोकलाजही आहे आणि कर्तव्यही आहे. ते वेगळं करायचा हट्ट मी धरणार नाही. कांटचं एवढं मात्र पक्कं घ्यावं लागतं, की फायदा संपला, भीती संपली, कुणी पाहत नाही, अशा वेळी जे उरतं त्यावरून माणूस कळतो.

इथे दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. फळीवर शेकड्यामागे चार-दोन पुडे वरचे घ्यायची रीत कित्येक ठिकाणी चालत आली आहे. वाळवताना पान खराब होतं, तूट येते, असं त्याला कारण दिलं जातं. बाईने पाच पानं कमी घातली तर ती चोरी, आणि मुंशीने शेकड्याला चार पुडे जास्त घेतले तर तो रिवाज? सगळ्यांना लागू असा नियम शोधायचा तर तो आधी वरून लागू करावा लागेल. ज्याच्या हातात मोजणी आहे, वजन आहे, पासबुक आहे, शिक्का आहे, त्याने स्वतःला सूट घ्यायची आणि पुडा बांधणारीला सचोटी शिकवायची, हे नीतीच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

याच तालुक्यात पाचगाव नावाचं गाव आहे. गोंड वस्ती जास्त असलेलं, लहानसं. या गावाने तेंदूच्या बाबतीत जे केलं ते मला गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्राच्या नैतिक निर्णयांत फार वरचं वाटतं.

2006 साली वनहक्क कायदा झाला. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला, असं या कायद्याच्या उद्देशिकेतच कबूल केलेलं आहे. पाचगावने सामूहिक वनहक्काचा दावा 2009 मध्ये केला आणि तो 2012 मध्ये मिळाला, सुमारे 1006 हेक्टर जंगलाचा. मधली वर्षं कागद, खेटे आणि वाट पाहण्यात गेली. हक्क हातात आल्यावर ग्रामसभेने एकत्र बसून स्वतःसाठी नियम लिहिले, शंभराहून अधिक. बांबू कसा तोडायचा, कुणी तोडायचा, विकायचा कसा, जंगलाची राखण कोणी कधी करायची. अठरा वर्षांवरची सगळी माणसं या ग्रामसभेची सभासद. बांबूचा लिलाव गाव स्वतः करू लागलं. कामासाठी बाहेरगावी जाणं कमी झालं, आणि ज्यांनी मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणारे ट्रक पाहिले आहेत त्यांना याची किंमत सांगावी लागणार नाही. सुमारे 34 हेक्टर जंगल गावाने देवराईसारखं राखून ठेवलं. तिथून काहीच काढायचं नाही.

आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही, असंही ठरवलं.

हे वाचताना क्षणभर थांबावं. तेंदूचा पैसा मे अखेरीस हातात येतो, खरीप तोंडावर असतं. बियाणं, खत, नांगरणीचं भाडं, पोरांची पुस्तकं, जुन्या उधारीतला काही भाग, सगळं त्या पैशातून निघतं. जिल्ह्यातल्या हजारो घरांचा उन्हाळा तेंदूवर चालतो. तो पैसा पाचगावने आपल्या मर्जीने सोडला. कारण तेंदूसाठी झाडं-झुडपं छाटली जातात आणि आगी लागतात, आणि जे जंगल आपण राखायला घेतलं त्याचं नुकसान आपल्याच हाताने करायचं नाही. तोडणी थांबल्यावर झाडांना टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरू लागली; ती पोरं खातात, पाखरं खातात, थोडी विकलीही जातात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावच्या या निर्णयावर अनेकदा लिहिलं आहे.

कुणी म्हणेल, बांबूचं उत्पन्न होतं म्हणून सोडता आलं. खरंच आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. ज्या गावाकडे बांबू नाही, ज्याचा दावा तालुक्याच्या कचेरीत पडून आहे, त्याने तेंदू तोडला म्हणून त्याला कमी लेखणं चूक ठरेल. पण उत्पन्न असलेली सारीच माणसं काही सोडतात असं दिसत नाही. दोन्हीकडून पैसा घेता येत असताना एक हात मागे घेणं, हे जगात फार कमी घडतं. ते आपल्या शेजारी घडलं आहे.

याहून मोलाची गोष्ट मला वेगळी दिसते. जंगलात आग लावू नका हा नियम पाचगावने शोधला नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलेलंच आहे. वनखात्याचे फलक रस्तोरस्ती आहेत. तरी आगी थांबल्या नाहीत. बाहेरून आलेल्या नियमाशी माणसाचं नातं चुकवण्याचं असतं. वनरक्षक आला की काडी खिशात, गेला की बाहेर. कांटने सांगितलेली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच होती, की माणूस खऱ्या अर्थाने बांधला जातो तो स्वतः विचार करून स्वतःला घातलेल्या नियमाने. राजाने, पुरोहिताने, साहेबाने घातलेल्या नियमाने तो वाकतो, पण बांधला जात नाही. पाचगावकरांनी वहीत लिहिलेला नियम आणि खात्याचा फलक यांत शब्दांचा फरक फार नसेल. वहीतला नियम लिहिणारा आणि पाळणारा मात्र एकच आहे. राखणीची पाळी आपली, आणि चुकलो तर सभेत उभं राहायचं तेही आपणच. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गावाने हे फार आधी करून दाखवलं. तिथे बहुमताने निर्णय घेत नाहीत, सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलतात. वेळ जातो. पण एकाचं जरी मन आत नसलं तर त्या नियमाचं पुढे काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं. मधमाश्या न मारता, पोळं न जाळता मध काढायचा अभ्यासही या गावाने केला.

आता एक शंका इथे येते, आणि ती टाळून चालणार नाही. तत्त्व जर साऱ्यांचं असतं, तर पाचगावप्रमाणे साऱ्या गावांनी तेंदू बंद करायचा का? माझं उत्तर, नाही. आणि हे उत्तर मला ज्यांच्यामुळे देता येतं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि शेवटी व्यासपीठावरून कधीच न झालेलं त्यांचं भाषण, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', 1936 साली छापून आलं. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम काय करायचं ते ठरवून देतो, माणूस ते पाळतो, विचार करायचं काम उरत नाही. तत्त्व काय करायचं ते सांगत नाही. कोणत्या दृष्टीने पारखायचं ते देतं, आणि निर्णय माणसाच्या गळ्यात टाकतं. म्हणून तत्त्वाने वागणारा चुकला तरी जबाबदार असतो. नुसत्या नियमाने वागणाऱ्याचं कृत्य बरोबर असेल, पण ते त्याचं नसतं. धर्माच्या नावाखाली नुसती नियमांची यादी हातात दिली तर माणसातली जबाबदारीच मरते, हा त्यांचा आक्षेप होता.

वीस वर्षांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि इथे त्यांनी धम्मदीक्षा दिली. देशात या दोनच ठिकाणच्या दीक्षाभूमी त्यांच्या हातच्या दीक्षेने पावन झाल्या आहेत, आणि त्यातली एक आपल्या जिल्ह्याची आहे. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हाच धागा पुढे नेला. नुसती नीती पुरत नाही, असं ते मांडतात. टोळीलाही आपापसात नीती असते, चोरांनाही असते; पण ती आपल्या माणसांपुरती. दुबळ्याचं रक्षण करायचं तर नीती सगळ्यांना सारखी लागू असली पाहिजे आणि ती मोडायला मन धजू नये इतकी पवित्र असली पाहिजे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना गावच्या नीतीतून वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्यासाठी हा विचार पुस्तकी नव्हता. आपल्या जातीपुरतं, आपल्या पक्षापुरतं, आपल्या गावापुरतं नीट वागणारी माणसं त्यांनी फार पाहिली होती.

म्हणून पाचगावचा तेंदूबंदीचा ठराव हा नियम आहे, त्यांच्या जंगलाला, त्यांच्या परिस्थितीला शोभणारा. त्याच्या पोटातलं तत्त्व असं, की साऱ्यांचं आहे त्याला आपल्या फायद्यासाठी इजा करायची नाही, आणि ही अट प्रथम स्वतःला घालायची. हे तत्त्व मानणारं दुसरं गाव तेंदू तोडेल, पण आग न लावता. बूटकटाई नीट करील. पुड्यात सत्तर पानं घालील आणि फळीवर वरचे पुडे देणार नाही. तेही तितकंच खरं वागणं झालं.

महाभारताला हा पेच कांटच्या फार आधी ठाऊक होता. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत, सदा खरं बोलायचं. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं, त्याने खरं सांगितलं, ती माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. कांटपुढेही अगदी हाच प्रश्न आला होता, आणि 1797 च्या एका निबंधात त्याने उत्तर दिलं, की दारी आलेल्या खुन्याशीही खोटं बोलू नये. मला कृष्णाचं पटतं. टिळकांनी 'गीतारहस्या'तल्या कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात या प्रश्नावर पाश्चात्त्य आणि आपले दोन्ही विचार समोरासमोर ठेवून चर्चा केली आहे, ती आजही वाचावी अशी आहे. कौशिकाचं लक्ष रानात लपलेल्या माणसांकडे नव्हतं, आपल्या व्रताच्या पुण्याकडे होतं. मोहाखाली आग लावणारा स्वतःच्या टोपलीसाठी साऱ्यांना विसरला, आणि कौशिक स्वतःच्या पुण्यासाठी विसरला.

कांटचं आणखी एक सांगणं मात्र मला कोणत्याही अपवादाशिवाय मान्य आहे, आणि ते चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारावर लिहून ठेवावं असं वाटतं. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. प्रत्येक माणूस हेच मुळात एक साध्य आहे.

उन्हाळ्यात आपण रोज पेपर उघडतो. मोह वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. सरपणाला गेलेला शेतमजूर ठार. चार ओळींची बातमी, शेवटी भरपाईचा आकडा. वाघ राखला पाहिजे, यात मला शंका नाही. तो राखणं आपलं कर्तव्यच आहे. पण ज्या बाईच्या जिवावर हे राखणं चाललं आहे तिचं नाव बातमीत चुकीचं छापलं जातं, तिच्या घरच्यांना कागदासाठी पुन्हा पुन्हा बोलावलं जातं, आणि ती जंगलात गेलीच कशाला असं शहरात बसलेला माणूस सहज विचारतो, तेव्हा तिला आपण साधन करून टाकलेलं असतं. कुणाच्या सफारीचं, कुणाच्या अभिमानाचं. पंचनामा लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी कणव दाटून येईलच असं नाही. त्याचा तो कितवा पंचनामा असतो. इथे कांटची कठोर बाजू उपयोगी पडते. कणव नसली तरी नाव नीट लिहायचं, अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवायचा, घरी जाऊन कागद घ्यायचे. भावना येवोत न येवोत, ते देणं आहे आणि ते चुकवता येत नाही.

तेंदूच्या पानाची विडी होते आणि ती कुणाच्या तरी छातीत जाते. हा विचारही मनात आणावा असा आहे. त्याचा भार पान तोडणाऱ्या बाईवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तिला दुसरं काम देण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्यावर तो आधी पडतो. पण विचार टाळू नये. आपण विकतो ती वस्तू घेणाऱ्याचं काय करते, हा प्रश्न विडीच्या कारखानदारालाही आहे, दारूच्या दुकानदारालाही आहे, आणि रसायन विकणाऱ्या कृषी केंद्रालाही आहे.

आपल्यातले कित्येक वाचक जंगलात जात नाहीत. त्यांची काडी वेगळी असते. नोकरीत असलेल्याची ती सहीत असते, शिक्षकाची हजेरीपटात, ठेकेदाराची रस्त्याच्या डांबरात, दुकानदाराची काट्यात, मतदाराची मताच्या आदल्या रात्री. प्रत्येकाजवळ आपल्यापुरती सूट घेण्याचं एक कारण तयार असतं आणि ते कारण ऐकायला रास्तच वाटतं. साऱ्यांनीच असं केलं तर चालेल का, हे स्वतःला विचारायला क्षणाचाही वेळ लागत नाही. उत्तर बहुधा प्रश्न संपायच्या आतच मिळतं.

आज पृथ्वी दिन म्हणून शाळांतून फलक रंगतील, ते रंगू द्यावेत. पण नऊ दिवसांनी 1 मे आहे, महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे, आणि तेंदू तोडायला सुरुवात व्हायची आहे. त्या ग्रामसभेला जा. सहीपुरते जाऊ नका, शेवटपर्यंत बसा. विषयपत्रिकेत नसला तरी वणव्याचा विषय मांडा. आपल्या गावच्या हद्दीत मोहाखाली काडी ओढायची नाही, पाला खराट्याने बाजूला करायचा, बूटकटाई आगीविना करायची, फळीवर वरचा एक पुडाही द्यायचा नाही आणि पुड्यात एक पानही कमी घालायचं नाही, असा ठराव गावानेच लिहावा. आणि त्याखाली पहिली सही सरपंचाची, पोलीस पाटलाची, मास्तरांची, म्हणजे ज्यांना सूट घेणं सगळ्यात सोपं आहे त्यांची असावी.